तुरुंगातल्या माजी सैनिकासाठी ग्वाहीपत्र: कुणी, कधी आणि कसं लिहायचं

गावाकडे फौजेतून परतलेला प्रत्येकजण ‘मेजर’ असतो, मग तो नायक म्हणून निवृत्त झालेला असो की सुभेदार म्हणून. असा एखादा मेजर गुन्ह्यात अडकून आत गेला की कधी ना कधी त्याच्या घरचं माणूस तुमच्या दारात येतं. “तुमच्या शब्दाला वजन आहे, दोन ओळी लिहून द्या.” भिडेखातर आपण लिहूनही देतो: ‘सदर इसम सुस्वभावी, मनमिळाऊ व निर्व्यसनी असून त्यांनी देशाची सेवा केली आहे, तरी त्यांचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा.’ खाली सही, शिक्का. हे पत्र फायलीत जातं आणि तिथंच पडून राहतं. देशाची सेवा केली हे वाचणाऱ्याला सर्व्हिस रेकॉर्डवरून आधीच माहीत असतं, आणि निर्व्यसनी म्हणावं तर त्या रात्री तो प्यायलेला होता असं निकालपत्रात छापलेलं असतं.

पहिल्यांदाच असं पत्र लिहायला बसलेल्यांसाठी हा लेख आहे. पलटणीतला जुना सोबती, शेजारी, शाळेतले गुरुजी, माजी सैनिक संघटनेचा पदाधिकारी, कुणीही. कायद्याचे संदर्भ देशभराचे आहेत, कारागृहाची पद्धत महाराष्ट्रातली.

आधी प्रकरण कुठल्या टप्प्यावर आहे ते बघा

खटला अजून चालू असेल तर तो न्यायाधीन बंदी, बोलीभाषेत कच्चा कैदी. या टप्प्यावर नुसत्या पत्राचा फारसा उपयोग नाही. कोर्टात उभं राहून सांगणारा साक्षीदार लागतो. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ४७ प्रमाणे आरोपीचं चांगलं चारित्र्य पुराव्यात घेता येतं. पण त्याला लागूनच कलम ४९ आहे, ते नवख्यांना माहीत नसतं. एरवी सरकारी पक्षाला आरोपीचं वाईट चारित्र्य काढता येत नाही; बचावाने चांगल्या चारित्र्याचा पुरावा दिला की मात्र ते दार उघडतं. तुम्ही पिंजऱ्यात उभं राहून ‘हा माणूस कुणावर हात उगारणारच नाही’ म्हणालात, की उलटतपासणीत बांधावरचं जुनं भांडण आणि नोकरीतली रेड इंक एंट्री (सर्व्हिस रेकॉर्डवरची शिक्षेची नोंद), दोन्ही बाहेर येणार. म्हणून साक्ष द्यायची की नाही हे वकिलाला ठरवू द्या. तुमच्या उत्साहावर सोडायची ही गोष्ट नाही.

दोष सिद्ध झाला की शिक्षा ठरवण्याआधी आरोपीचं म्हणणं ऐकावं लागतं. सत्र खटल्यात हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २५८(२) खाली होतं, आणि बरेचदा निकालाच्याच दिवशी किंवा एक-दोन दिवसांत उरकतं. निकाल लागल्यावर पत्र लिहायला बसलात तर उशीर झालेला असतो. फाशीची शक्यता असलेल्या खटल्यांत आरोपीची पार्श्वभूमी, मानसिक स्थिती आणि कारागृहातली वागणूक यांची माहिती मागवून घ्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात सांगितलं आहे. गुन्हा तुलनेनं हलका असेल तर १९५८ चा परिवीक्षा (प्रोबेशन) कायदा लागू होऊ शकतो. त्यात परिवीक्षा अधिकारी घरी, गावात चौकशी करून अहवाल देतात. ते तुमच्याकडे आले तर तुम्ही जे बोलाल ते कुठल्याही पत्रापेक्षा जास्त मोलाचं असतं.

शिक्षा लागल्यावर रजेचे प्रश्न येतात: संचित रजा म्हणजे फर्लो आणि अभिवचन रजा म्हणजे पॅरोल. इथं पोलीस ठाण्याचा अहवाल आणि जामीनदार महत्त्वाचे. चारित्र्याच्या चार परिच्छेदांपेक्षा ‘मी जामीनदार राहतो, तो माझ्या घरी राहील, मुदत संपल्यावर मी त्याला गेटपर्यंत पोचवीन’ ही एक ओळ इथं जास्त कामाची. मात्र ती खरी असली पाहिजे. रजेवरून वेळेत हजर न होणाऱ्याचे माफीचे दिवस (शिक्षेतून मिळालेली सूट) कापले जातात, गुन्हाही नोंदवला जाऊ शकतो, आणि पुढच्या प्रत्येक अर्जाला ती नोंद आडवी येते.

ग्वाहीपत्राचं खरं काम मुदतपूर्व सुटकेच्या वेळी असतं. आत तिला ‘चौदा वर्षांची फाईल’ म्हणतात. त्यामुळे चौदा वर्षं झाली की जन्मठेपेचा कैदी आपोआप सुटतो असा समज पसरला आहे, तो चुकीचा आहे. फाशीही होऊ शकली असती अशा गुन्ह्यात जन्मठेप असेल तर माफीचे दिवस न धरता प्रत्यक्ष चौदा वर्षं भोगल्याशिवाय सरकार सोडूच शकत नाही, एवढंच नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७५ सांगतं (जुनं ४३३-अ). त्यापुढे किती, हे सरकारच्या धोरणावर. महाराष्ट्राच्या १५ मार्च २०१० च्या मार्गदर्शक तत्त्वांत गुन्ह्याचं स्वरूप आणि हेतू पाहून वर्गवारी केलेली आहे. वकिलाला विचारून आपला माणूस कुठल्या वर्गात बसतो ते आधी कळून घ्या. साधारणपणे दोष सिद्ध झाला त्या दिवशीचं धोरण लागू होतं, आणि नंतरचं धोरण अधिक उदार असेल तर त्याचाही लाभ मागता येतो. हे २०१० च्या हरियाणा राज्य विरुद्ध जगदीश या निकालापासून पक्कं आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली: जिथं धोरण आहे तिथं पात्र कैद्याचा विचार सरकारने अर्जाची वाट न पाहता करायचा. तरीही फाईल खरंच उघडली आहे का, हे अधीक्षक कार्यालयात विचारत राहावं लागतंच.

फौजी माणसाच्या बाबतीत दोन गुंते हमखास निघतात. एक, शिक्षा कुठल्या राज्यातल्या कोर्टाने दिली? पंजाबात पोस्टिंगवर असताना गुन्हा घडला, तिथंच शिक्षा झाली आणि नंतर त्याला येरवड्यात आणलं, तर निर्णय पंजाब सरकारचा. ज्या राज्यात शिक्षा झाली तेच ‘समुचित शासन’, हे ८ जानेवारी २०२४ च्या बिल्किस बानो निकालात ठळकपणे आलं आहे. दुसरा गुंता, शिक्षा कोर्ट मार्शलची असेल तर मंत्रालयात खेटे घालण्यात अर्थ नाही. ती वाट लष्कर कायद्यातून, केंद्र सरकार आणि सेनेच्या अधिकाऱ्यांकडे जाते, आणि दयेचा अर्ज राज्यघटनेच्या कलम ७२ खाली राष्ट्रपतींकडे.

त्याला विचारा, मग वकिलाला

पत्र त्याच्यासाठी आहे, म्हणून त्याची संमती लागतेच. पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न अपिलाचा. अपील प्रलंबित असेल आणि ‘मी हे केलंच नाही’ अशी त्याची भूमिका असेल, तर तुमच्या पत्रातलं ‘त्याला केल्या कृत्याचा पश्चात्ताप होतो’ हे वाक्य त्याच्याच विरोधात वापरलं जाऊ शकतं. ‘मुलाखतीत त्याने मला सगळं सांगितलं’ हे तर अजिबात लिहू नका. पश्चात्तापाबद्दलचा प्रत्येक शब्द वकिलाच्या नजरेखालून जाऊ द्या. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत मिळतो, आणि कैद्याला त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

पीडित कुटुंबाकडे स्वतःहून जाऊ नका. गावात ‘मी मध्ये पडून मिटवून देतो’ म्हणणारा एकजण असतोच, त्याला आवरा. तुमचा हेतू कितीही चांगला असला तरी समोरच्याला तो दबाव वाटतो, आणि तशी तक्रार पोलीस अहवालात आली की पुढची सगळी खटपट वाया जाते.

कागद गोळा करा

निकालपत्र पहिलं. ते न वाचता ग्वाही देणारा माणूस बोलला की लगेच कळतो. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर बरेचसे निकाल मिळतात, नाहीतर वकिलाकडे असतोच.

मग डिस्चार्ज बुक. ते बहुधा घरी ट्रंकेत, पेन्शनच्या आदेशासोबत (पीपीओ) ठेवलेलं असतं. त्यात सेवेचा काळ, ट्रेड, पदकं आणि चारित्र्याचा शेरा असतो. तो शेरा नीट वाचा. ‘एक्झेम्प्लरी’ किंवा ‘व्हेरी गुड’ असेल तर झेरॉक्स जोडा. नुसतं ‘गुड’ असेल तर बाहेरच्याला ती शाबासकी वाटते. फौजेतल्या माणसाला कळतं की ती त्या दोन्हींच्या खालची पायरी आहे. मग तो कागद पुढे करून पत्रात त्यावर जोर देऊ नका. बुक हरवलं असेल तर रेकॉर्ड ऑफिसला त्याच्या किंवा जवळच्या नातेवाइकाच्या सहीनं अर्ज करावा लागतो: मराठा लाइट इन्फंट्री असेल तर बेळगाव, तोफखाना असेल तर नाशिक रोड कॅम्प, बॉम्बे सॅपर्स असेल तर खडकी.

कारागृहातून नॉमिनल रोल मिळतो. किती शिक्षा भोगली, किती माफी मिळाली, किती वेळा रजेवर गेला, वेळेत परतला का, शिस्तभंगाची शिक्षा झाली का, सगळं त्यात असतं. तुमच्या पत्रातलं काहीही या कागदाच्या विरुद्ध जाता कामा नये.

भेटायला जा

न भेटता लिहू नका. मुलाखतीची वेळ कारागृहातून किंवा ई-मुलाकात पोर्टलवरून घ्या, आधार कार्ड जवळ ठेवा. पहिल्या भेटीत त्याला बोलू द्या. फौजी आत गेला की दोनपैकी एक होतं: तो बॅरकमध्येही पलटणीसारखा पहाटे उठून घडी घालणारा राहतो, नाहीतर सगळ्यातूनच मन काढून घेतो. आत काय काम करतो, कुणाला लिहायला-वाचायला शिकवतो का, कुणाशी पटत नाही, घरून कोण येतं, पगारातून घरी पैसे पाठवतो का, हे विचारा. आणि ‘बाहेर आलास तर पहिल्या महिन्यात काय करशील?’ हेही विचारा. उत्तर ‘बघू’ असेल तर पत्राची वेळ अजून आलेली नाही.

आता लिहा

मुदतपूर्व सुटकेच्या फायलीकडे पाहताना काय तपासायचं, ते सर्वोच्च न्यायालयाने २००० साली लक्ष्मण नस्कर प्रकरणात सांगितलं आहे. गुन्हा त्या व्यक्तीपुरता होता की साऱ्या समाजावर परिणाम करणारा? पुन्हा घडण्याची शक्यता किती? गुन्हा करण्याची क्षमता अजून उरली आहे का? त्याला आणखी आत ठेवून काही साध्य होणार आहे का? कुटुंबाची परिस्थिती काय? पहिल्या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर नाही, ते निकालपत्रात आहे. उरलेल्या चारांवर तुमच्या डोळ्यांदेखतचं काही असेल तेवढंच लिहा. पत्रासाठी एक पान पुरतं, फार तर दीड.

नमुना म्हणून हा मजकूर बघा, तपशील अर्थात काल्पनिक आहे:

‘मी निवृत्त सुभेदार. अर्जदार आणि मी १९९६ ते २००४ एकाच पलटणीत होतो, त्यातली तीन वर्षं तो माझ्या हाताखाली होता. मेहुण्याच्या खुनाबद्दल त्याला जन्मठेप झाली आहे. निकाल मी वाचला आहे. त्याला राग पटकन येतो हे मला नोकरीतच माहीत होतं, त्यावरून एकदा मी त्याला कंपनी कमांडरपुढे उभं केलं होतं. कारागृहात मी त्याला दर वर्षी भेटतो. सुरुवातीला तो फक्त जमिनीच्या वादाबद्दल बोलायचा. गेली काही वर्षं तो तो विषय काढत नाही. मेहुण्याची मुलं शाळेत जातात का, हे मात्र विचारतो. आत तो सुतारकाम शिकला. सुटल्यावर तो माझ्या घराच्या मागच्या खोलीत राहील, सासुरवाडीच्या गावात जाणार नाही. माझ्या भावाच्या फर्निचरच्या दुकानात त्याला काम आहे. भावाचं संमतीपत्र जोडलं आहे. पहिलं वर्षभर मी त्याला दर महिन्याला पोलीस ठाण्यात घेऊन जायला तयार आहे.’

रागाचा उल्लेख कशाला केला, असं घरचे विचारतील. ठेवा तो. निकालपत्रात तो आहेच, आणि जो माणूस वाईटही सांगतो त्याच्या चांगल्यावर वाचणारा विश्वास ठेवतो. माझ्या मते अख्ख्या पत्रातलं सर्वात कामाचं वाक्य मेहुण्याच्या मुलांचं आहे. ‘त्याला पश्चात्ताप झाला आहे’ असं कुणीही लिहितं. तो काय विचारतो हे भेटायला जाणाऱ्यालाच ठाऊक असतं. अर्थात अपिलाबद्दल वर लिहिलं ते इथंही लागू.

पद खरं लिहा, ‘मेजर’ नको. ‘कारगिलमध्ये लढला’ हे डिस्चार्ज बुकात असेल तरच. खोटं शपथपत्र हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि पदकांचा खोटेपणा एका फोनवर उघडा पडतो.

गणवेशाचं वजन किती?

लोकांना वाटतं तेवढं नाही. भारतात सैन्यसेवा हा सुटकेचा वेगळा निकष नाही. अमेरिकेत २००८ मध्ये बफेलो इथं माजी सैनिकांसाठी वेगळं न्यायालय सुरू झालं आणि मग ती पद्धत पसरली. आपल्याकडे तसं काही नाही. कुणीतरी नानावटींचं उदाहरण काढतंच. नौदलाचे कमांडर नानावटी यांना १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली आणि १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली, हे खरं. पण त्यामागे मोठं लोकमत होतं, वरपर्यंत पोच होती, आणि नानावटींनी ज्यांचा खून केला त्या प्रेम आहुजांच्या बहिणीने हरकत नसल्याचं लिहून दिलं होतं. साताऱ्याच्या हवालदाराच्या फायलीत यातलं काही नसतं. तेव्हा सेवेचा उपयोग पुराव्यासारखा करा: पंधरा वर्षं शिस्तीत राहू शकलेला माणूस पुन्हा राहू शकतो, एवढंच त्यातून दाखवायचं.

युद्धभूमीवरच्या मानसिक आघाताबद्दलही हेच. निदान डॉक्टरांचं, तुमचं नाही. ‘डोक्यावर परिणाम झाला होता’ असं लिहिलंत तर वाचणारा पहिला प्रश्न विचारेल की मग तो पुन्हा करणार नाही कशावरून. तुम्ही पाहिलेलं लिहा: काश्मीरमधून सुट्टीवर आला की लग्नाच्या मांडवात बसायचा नाही, बाहेर गाडीजवळ उभा राहायचा. लष्करी रुग्णालयाचे, मेडिकल बोर्डाचे कागद असतील तर जोडा. आणि लगेच पुढे उपचार कुठं होणार ते लिहा: ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना), जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग, किंवा ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी यांपैकी जवळचं प्रादेशिक मनोरुग्णालय. ईसीएचएस आणि पेन्शन गृहीत धरू नका. पेन्शन पुढच्या चांगल्या वर्तनाच्या अटीवर असते. गंभीर गुन्ह्यात ती रोखलेली असू शकते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आधी विचारा.

बाहेर आल्यावर काय, हे ठोस हवं

बहुतेक पत्रं इथं मार खातात. ‘सुटल्यावर सिक्युरिटीत लागेल’ असं सर्रास लिहिलेलं असतं. माजी सैनिक म्हटलं की तीच नोकरी डोळ्यांपुढे येते. पण २००५ च्या खासगी सुरक्षा संस्था नियमन कायद्याच्या कलम १० प्रमाणे न्यायालयाने दोषी ठरवलेल्या व्यक्तीला सुरक्षारक्षक म्हणून ठेवता येत नाही. बँकेत गनमन होणं तर दूरच, कारण हिंसेच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला शस्त्रपरवाना शिक्षा संपल्यानंतरही पाच वर्षं मिळत नाही. हे न बघता पत्र लिहिलं तर लिहिणाऱ्याने विचारच केलेला नाही, असं दिसतं. ट्रेड बघा: ड्रायव्हर, मेकॅनिक, कुक, इलेक्ट्रिशियन. कामाला ठेवणाऱ्या माणसाचं पत्र त्याच्याच सहीचं, फोन नंबरासकट जोडा.

घराचा पत्ता विचार करून द्या. गुन्हा घरातच घडला असेल, पत्नी किंवा भाऊ पीडित असेल, तर त्याच घराचा पत्ता देणं म्हणजे अर्ज स्वतःच्या हातानं पाडणं. मुलगी साक्षीदार होती का, तिचं आज काय म्हणणं आहे, हेही बघा.

दारूचा संबंध असेल तर लष्करी कॅन्टीनच्या कार्डचा विचार करा. कोट्याच्या बाटल्या दर महिन्याला घरात येणार असतील तर ‘व्यसन सुटलं’ या वाक्याला अर्थ राहत नाही. दारूचा कोटा घेणार नाही असं त्याने लिहून द्यावं, आणि कार्ड कुणाकडे राहील ते पत्रात सांगावं.

घरचं कुणीच उरलं नसेल तर जिल्हा परिवीक्षा अधिकाऱ्यांना भेटा. मुंबईच्या बाजूला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून कैद्यांच्या पुनर्वसनाचं काम करतो.

सही, पोच आणि त्यानंतर

पत्र मराठीत चालतं. दुसऱ्या राज्याकडे जाणार असेल तर हिंदी किंवा इंग्रजीत करून घ्या. पूर्ण नाव, पत्ता, फोन, ओळखपत्राची प्रत, आणि तुम्ही त्याला कधीपासून कसे ओळखता हे पहिल्याच परिच्छेदात. संघटनेच्या लेटरहेडवर चाळीस सह्यांचा ठराव करण्याचा मोह होतो. त्यापेक्षा तिघांची तीन वेगळी पत्रं बरी: एक पलटणीतल्याचं, एक गावातल्याचं, एक काम देणाऱ्याचं. मजकूर एकमेकांची नक्कल नको.

पत्र कारागृह अधीक्षकांमार्फत गृह विभागाला पाठवा, आवक क्रमांक टाकून पोच घ्या, एक प्रत वकिलाकडे आणि एक स्वतःकडे ठेवा. पुढे पोलीस ठाण्यातून तुम्हाला बोलावणं येऊ शकतं. तेव्हा तेच सांगा जे लिहिलं आहे. भर घालू नका. मध्ये परिस्थिती बदलली, भावाचं दुकान बंद पडलं, खोली भाड्याने गेली, तर नवीन पत्र देऊन कळवा.

फाईल पोलीस अहवाल, जिल्हा दंडाधिकारी, शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचं मत असे टप्पे घेत फिरते आणि वेळ लागतो. नकार आला तर आदेशाची प्रत मागा. त्यात कारण दिलेलं नसेल किंवा चुकीचं धोरण लावलेलं असेल तर उच्च न्यायालयात रिट करता येते. कारण दिलं असेल, समजा ‘राहण्याची सोय समाधानकारक नाही’, तर पुढचं पत्र त्या कारणाला उत्तर देणारं लिहा. जुन्या पत्राची झेरॉक्स तारीख बदलून पाठवू नका.